कधी उचलतो, कधी नाही

जुन्या गाडीचा सेल्फ दोन तऱ्हांनी बिघडतो. पहिल्या तऱ्हेत तो सरळ मरतो. किल्ली कितीही वेळा फिरवली तरी इंजिन हलत नाही, आणि म्हणूनच कारण शोधणे सोपे असते. टेस्ट लॅम्प घेऊन बॅटरीपासून निघायचे, जिथे दिवा लागायचा थांबतो तिथे दोष. दुसऱ्या तऱ्हेत सेल्फ सकाळी उचलतो, पेट्रोल पंपावर उचलत नाही, पाच-दहा मिनिटांनी पुन्हा उचलतो, आणि गाडी गॅरेजच्या दारात नेली की दहापैकी दहा वेळा उचलतो. मालक म्हणतो, ‘आत्ता होत नाहीये, पण होतं.’ मेकॅनिक म्हणतो, ‘झालं की आणा.’ दोघेही खरे बोलत असतात. जे कधी घडते आणि कधी घडत नाही त्याला कारण असते का, आणि असेल तर ते ठरवायचे कसे, हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न त्या दोघांच्या मधे उभा असतो.

संस्कृत शास्त्रग्रंथांत या गुणाला ‘कादाचित्कत्व’ असे नाव आहे. मराठीत ‘कदाचित’ म्हटले की शंका सुचते. संस्कृतात त्या शब्दाचा रोख काळाकडे आहे, कदाचित् म्हणजे कोणत्या तरी वेळी. दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास मिथिलेत होऊन गेलेल्या उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’ या ग्रंथात ईश्वरसिद्धीची इमारत उभारली, तिचा पायाच या कादाचित्कत्वावर घातला आहे. युक्तिवाद थोडक्यात असा. ज्याला कशाचीच गरज नाही ते एक तर नेहमी असेल, नाही तर कधीच नसेल. एखादी गोष्ट अमुक वेळी आहे आणि तमुक वेळी नाही, एवढ्यावरूनच ती दुसऱ्या कशावर तरी अवलंबून आहे हे ठरते. बौद्ध तार्किक धर्मकीर्तीनेही त्याआधी जवळजवळ हेच म्हटले होते. इतर बाबतींत एकमेकांचे हाडवैरी असलेले हे दोन पक्ष, नैयायिक आणि बौद्ध, इथे मात्र एकाच बाजूला आहेत.

समोरचा पक्ष म्हणतो, गोष्टी अकस्मात घडतात. उदयन हा ‘अकस्मात’ शब्दच उकलून पाहतो. याचा अर्थ कारण नाही असा घ्यायचा, की घडणेच नाही असा? आपल्याआपण घडते असा, की असत् वस्तूपासून घडते असा, की स्वभावच तसा आहे असा? पाचही अर्थ तो एकाच हत्याराने मोडतो. कार्याला ठरलेली सीमा असते. ते एका विशिष्ट क्षणापासून असते, त्याआधी नसते. ही सीमा कुणी आखली याचे उत्तर पाचांपैकी एकाही अर्थाजवळ नाही. गॅरेजमध्ये यातला शेवटचा अर्थ सर्वांत लोकप्रिय आहे. ‘जुनी गाडी आहे, तिचा स्वभावच तसा’, असे म्हणून बॉनेट बंद केले जाते.

उदयनाची सीमा सेल्फमध्ये कुठे पडते हे कळण्यासाठी त्याची रचना थोडी पाहावी लागते. उदाहरणाला वीस-पंचवीस वर्षे चाललेली, ७९६ सीसीची तीन सिलिंडर मारुती ८०० घेऊ. तिच्या सेल्फच्या आत दोन काम करणारे आहेत, मोटर आणि तिच्या पाठीवर बसलेला सोलेनॉइड. किल्ली फिरवली की इग्निशन स्विचमधून आलेला प्रवाह सोलेनॉइडच्या दोन गुंडाळ्यांत शिरतो. एक गुंडाळी जोरकस, ओढून घेणारी. दुसरी हलकी, धरून ठेवणारी. दोघी मिळून लोखंडी दांडा आत खेचतात. दांडा एका बाजूने काट्याच्या आधारे बेंडिक्सला, म्हणजे सेल्फच्या छोट्या गिअरला, इंजिनाच्या रिंग गिअरवर ढकलतो आणि दुसऱ्या बाजूने तांब्याची एक चकती दोन जाड बोल्टांवर दाबतो. चकती टेकली की बॅटरीचा मोठा प्रवाह, छोट्या गाडीतही शंभर अँपिअरच्या आसपास, मोटरमध्ये उतरतो. त्याच क्षणी जोरकस गुंडाळीचे काम संपते आणि हलकी गुंडाळी एकटीच दांडा धरून राहते.

ही रचना ठाऊक असलेल्याला आवाज ऐकूनच बरेचसे कळते. एकामागून एक ‘कटकटकट’ आले तर चकती टेकते आहे, पण टेकताक्षणी बॅटरीचा दाब इतका कोसळतो की धरणारी गुंडाळी दांडा सोडते; सोडला की दाब पुन्हा चढतो आणि दांडा पुन्हा ओढला जातो. म्हणजे बॅटरी उतरली आहे किंवा तिची जोडणी सैल आहे. एकच घट्ट ‘खट्’ आला आणि पुढे शांतता, तर दांडा पोचला, पण चकतीतून प्रवाह गेला नाही. ‘खट्’सुद्धा नाही, तर स्विचपासूनची तार संशयित. इथे एक गंमत आहे. जोरकस गुंडाळीचा परतीचा रस्ता मोटरच्या कार्बनमधून, म्हणजे फिरत्या कम्युटेटरला टेकून प्रवाह देणाऱ्या ठोकळ्यांमधून, जातो. कार्बन झिजून कम्युटेटरला नीट टेकेनासा झाला की ती गुंडाळीही लुळी पडते आणि हलकीला एकटीला दांडा ओढवत नाही. दोष मोटरच्या पोटात असतो आणि गप्प बसतो सोलेनॉइड.

इंग्लंड-स्कॉटलंडकडच्या तत्त्वज्ञानात या प्रश्नाचे सर्वांत घरगुती उदाहरण डेव्हिड ह्यूमच्या लेखनात सापडते. १७३९च्या ‘ट्रीटिज’मध्ये ते आहे आणि १७४८च्या ‘एन्क्वायरी’मध्ये त्याने ते पुन्हा वापरले. घड्याळ बंद पडले की खेडूत म्हणतो, ते कधी कधी चालत नाही. कारागीर म्हणतो, स्प्रिंगचा जोर चाकांवर नेहमी सारखाच असतो, कुठे तरी धुळीचा एखादा कण अडकला असेल. कार्यकारणाचा नियम माणसाच्या सवयीपलीकडे सिद्ध करता येत नाही असे म्हणणारा हाच तो ह्यूम, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. नियमाच्या मुळाबद्दल तो संशयी आहे, पण बिघडलेल्या घड्याळापुढे तो बसतो कारागिराच्या शेजारीच. ‘कधी कधी’ हा शब्द जगाचे वर्णन करत नाही, पाहणाऱ्याला काय दिसले नाही ते सांगतो, एवढा त्याचा मुद्दा आहे.

धुळीच्या त्या कणाला न्यायशास्त्रात ‘प्रतिबंधक’ म्हणतात, आणि त्यावर भारतात झालेला वाद ह्यूमच्या उदाहरणापेक्षा पुष्कळ खोल गेला. वादाचे ठरलेले उदाहरण अग्नी आणि मणी हे आहे. अग्नी जाळतो, पण एक विशिष्ट मणी जवळ ठेवला की तोच अग्नी, तसाच धगधगत असूनही, जाळत नाही. मणी उचलला की पुन्हा जाळतो. असा मणी कुणी पाहिला होता का, हा प्रश्न त्या पंडितांना फारसा सतावत नव्हता. त्यांना हवा होता तो नमुना. मीमांसकांचे म्हणणे असे की अग्नीत डोळ्यांना न दिसणारी एक दाहक शक्ती असते, मण्यामुळे ती नाहीशी होते. नैयायिकांना ही शक्ती मान्य नाही. मणी येता-जाता दर खेपेला जुनी शक्ती मेली आणि नवी जन्मली असे मानावे लागेल, आणि अशा असंख्य शक्तींचे जन्ममरण पदरात घेण्यापेक्षा ‘मणी नसणे’ हेच दाहाच्या कारणांपैकी एक मानणे सोपे, असे ते म्हणतात. सतराव्या शतकातल्या विश्वनाथ पंचाननांच्या ‘सिद्धांतमुक्तावली’त ही चर्चा ग्रंथ सुरू झाल्या झाल्याच येते.

जुन्या सेल्फच्या बाबतीत हे दोन्ही पक्ष रोज भेटतात. ‘सेल्फमध्ये आता दम राहिला नाही, बदलून टाका’ हे मीमांसकाचे वाक्य आहे. दम नावाची एक चीज आत होती, ती येते-जाते, आता गेली. नैयायिक मेकॅनिक विचारतो, कोणती गोष्ट नसायला हवी होती ती इथे आहे? सोलेनॉइडची टोपी उघडली की बहुतेक वेळा ती दिसते. तांब्याच्या चकतीची कड एका ठिकाणी काळी पडून खड्ड्याखड्ड्यांची झालेली असते. प्रत्येक वेळी टेकताना उडणाऱ्या ठिणगीने वर्षानुवर्षे तिला चाटलेले असते. बोल्टांची तोंडेही तिरपी झिजलेली. चकती दांड्यावर थोडी फिरती असल्यामुळे कधी तिचा धड भाग बोल्टांवर येतो आणि सेल्फ उचलतो, कधी जळका भाग येतो आणि नुसता ‘खट्’. जुने कारागीर अशी चकती उलटी करून बसवतात. मागची बाजू कोरी असते.

त्याच चर्चेत नव्य नैयायिकांनी आणखी एक गुंतागुंत आणली. प्रतिबंधक मणी जवळ असतानाही दुसरा एक मणी आणला तर अग्नी पुन्हा जाळू लागतो. या दुसऱ्या मण्याला ‘उत्तेजक’ म्हणतात. त्यामुळे नुसते ‘मण्याचा अभाव’ हे कारण सांगून भागेना. उत्तेजक जवळ नसताना जो मणी असतो त्याचा अभाव, असे लांबलचक लक्षण करावे लागले. हे वाचताना शब्दांचा कीस काढल्याचा भास होतो खरा, पण पान्याच्या दांड्याने सेल्फवर ठोका घातला आणि गाडी सुरू झाली, हा प्रसंग ज्याने पाहिला आहे त्याला ते लक्षण लगेच पटते. ठोक्याने अडकलेला कार्बन क्षणभर कम्युटेटरवर टेकतो किंवा चकती किंचित फिरते. प्रतिबंधक जिथल्या तिथे असतो, उत्तेजकाने फक्त त्याच्यावर मात केलेली असते. ठोका हा इलाज नव्हे. मात्र दोष सेल्फच्या आत आहे, बॅटरीत किंवा स्विचमध्ये नाही, याची ती चांगली खूण आहे. कितीतरी गाड्या सीटखाली ठेवलेल्या एका पान्याच्या जोरावर वर्षभर चालतात.

सगळेच प्रतिबंधक काळाशी बांधलेले नसतात. काही दोष जागेत असतात. तीन सिलिंडरचे इंजिन बंद होताना कॉम्प्रेशनशी झगडत साधारण तीन ठरलेल्या जागांपैकी एकीवर थांबते, म्हणून रिंग गिअरचे दातही त्या तीन ठिकाणी जास्त झिजतात. झिजलेल्या दातांसमोर इंजिन थांबले तर बेंडिक्स पकडत नाही, नुसता घरघरतो. गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून हाताने जराशी पुढे ढकलली की दुसरे दात समोर येतात आणि काम होते. मोटरच्या आर्मेचरवरच्या, म्हणजे फिरत्या भागावरच्या, एखाद्या मेलेल्या पट्टीसमोर कार्बन थांबला तर तेही असेच.

आता दुसरा प्रश्न, कारण ठरवायचे कसे. इथे सर्वांत मोठी चूक होते ती ‘तपासले, काही सापडले नाही’ या वाक्यात. न दिसण्यावरून नसणे कधी सिद्ध होते, यावर भारतीय दर्शनांत बारकाईने विचार झाला आहे. भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदांती अनुपलब्धी हे वेगळे प्रमाण मानतात, नैयायिक तिला प्रत्यक्षाची सहायक समजतात. पण एक अट दोघांनाही मान्य आहे. अनुपलब्धी ‘योग्य’ हवी. वस्तू तिथे असती तर दिसलीच असती, अशा परिस्थितीतच तिचे न दिसणे हा पुरावा. उजेडात टेबलावर घागर दिसली नाही तर घागर नाही. अंधारात दिसली नाही तर काहीच सिद्ध झाले नाही.

मल्टिमीटर ओहमवर लावून उभ्या गाडीची अर्थिंगची तार तपासणे हे अंधारात घागर शोधण्यासारखे आहे. समजा जोडणीत ०.०२ ओहमचा अडथळा आहे. मल्टिमीटरच्या स्वतःच्या वायरींतच त्याहून जास्त अडथळा असतो, त्यामुळे काटा ‘सगळे ठीक’ सांगतो. पण सेल्फ फिरताना त्याच ०.०२ ओहममधून शंभर अँपिअर गेले की दोन व्होल्ट वाटेतच खाल्ले जातात, आणि फिरताना दहा-साडेदहा व्होल्टवर आलेल्या बॅटरीतले दोन व्होल्ट गेले तर मोटर कण्हते. दोष फक्त कामाच्या वेळी अस्तित्वात येतो, म्हणून मोजायचा तोही कामाच्याच वेळी. मीटर व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर आणि दुसरे सेल्फच्या अंगावर लावायचे, आणि दुसऱ्याला किल्ली मारायला सांगायचे. ०.२ व्होल्टच्या आत आकडा आला तर अर्थिंग निर्दोष. अर्धा व्होल्ट किंवा जास्त आला तर दोष याच वाटेवर. टोक खुंटावर लावायचे, वरच्या क्लॅम्पवर नव्हे. नाही तर खुंट आणि क्लॅम्प यांच्यामधला पांढुरका थर, जो बऱ्याचदा खरा अपराधी असतो, मोजणीतूनच निसटतो. गिअरबॉक्सपासून चॅसीला जाणाऱ्या विणलेल्या पट्टीचा बोल्ट उघडला की खाली तांबूस भुकटी निघते. वरून तो बोल्ट घट्ट आणि नवाकोरा दिसत असतो.

योग्यतेची हीच अट उष्णतेलाही लागू होते. तांब्याचा अडथळा दर अंश सेल्सियसला सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो. घाटातून चढून आलेल्या इंजिनाला चिकटलेला सोलेनॉइड ३० अंशांवरून ९० अंशांवर गेला तर त्याच्या गुंडाळीचा अडथळा जवळपास पावपट वाढतो आणि ओढ घटते. त्यात इग्निशन स्विचचे जुने संपर्क आणि पातळ तार आणखी एखादा व्होल्ट गिळतात. दोन्ही मिळून दांडा पोचत नाही. एकट्याने कुणीच तो अडवला नसता. अशी गाडी रात्रभर गॅरेजमध्ये ठेवून सकाळी तपासणे व्यर्थ. मालक सांगतो, ‘दुपारी उचलत नाही’, आणि ही व्याप्ती, म्हणजे दोन गोष्टींची नेहमीची सोबत, त्याने प्रामाणिकपणे निरीक्षणातून काढलेली असते. पण दुपार कारण नाही. ओल्या लाकडाचा धूर अग्नीच्या माथी मारावा तशी ही चूक आहे. न्यायात ओल्या इंधनासारख्या लपून राहिलेल्या अटीला ‘उपाधी’ म्हणतात. उपाधी शोधून काढायची तर दुपारी थंड इंजिनावर आणि रात्री तापलेल्या इंजिनावर, अशा दोन्ही वेळा किल्ली मारून पाहावी लागते. उपाय मात्र साधा आहे. बॅटरीकडून जाड तारेने थेट सोलेनॉइडला प्रवाह देणारा एक रिले बसवला की स्विचवर फक्त रिलेचा भार राहतो.

नवे सामान टाकल्यावर ‘आता ठीक आहे’ म्हणणे ही तर सर्वांत सरसकट होणारी चूक. अडचण अशी की मधूनमधून येणारा दोष काही न करताही काही काळ जातच असतो. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते. शिवाय दुरुस्तीत एका कृतीबरोबर चार गोष्टी आपोआप घडतात. बॅटरी बदलताना क्लॅम्प उघडला गेला, खुंट पुसला गेला, नट नव्याने आवळला गेला. श्रेय गेले बॅटरीला. अशा बाजूला उभ्या राहणाऱ्या, पण काम न करणाऱ्या गोष्टींना न्यायात ‘अन्यथासिद्ध’ म्हणतात आणि त्यांचे पाच प्रकार सांगितले आहेत. पाचवा प्रकार कुंभाराचे गाढव. या घटाची माती त्याच्याच पाठीवरून आली, घट होण्याआधी ते हजर होते, तरी घटाचे कारण ते नव्हे, कारण गाढवावाचूनही घट होतात. गॅरेजच्या बिलात अशी पुष्कळ गाढवे असतात.

यावर सर्वांत कडक कसोटी बौद्धांची. चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’त ती पंचकारणी या नावाने दिली आहे. आधी कार्य दिसत नाही. मग कारण दिसते. मग कार्य दिसते. मग कारण नाहीसे होते. आणि त्यासरशी कार्यही नाहीसे होते. या पाच पायऱ्या चढल्या तरच दोन गोष्टींत कार्यकारण संबंध. बहुतेक दुरुस्त्या निम्म्या वाटेवर थांबतात. पूर्ण चढायच्या तर दोष दूर केल्यावर तो मुद्दाम परत आणावा लागतो. साफ केलेली अर्थिंगची पट्टी पुन्हा सैल करायची, सेल्फ अडतो का पाहायचे, पुन्हा आवळायची. गिऱ्हाईक समोर उभे असताना बरी झालेली गाडी हाताने बिघडवायला फार थोडे मेकॅनिक धजतात. जे धजतात त्यांच्याकडे तीच गाडी त्याच तक्रारीसाठी सहसा परत येत नाही.

पण नक्की कळायला किती वेळा किल्ली मारावी? दोष दहापैकी एकदा येतो असे धरले, तर काहीही दुरुस्त न होता सलग वीस वेळा सेल्फ उचलण्याची शक्यता सुमारे १२ टक्के असते, तीस वेळा सुमारे ४ टक्के, आणि ती १ टक्क्याच्या खाली आणायला ४४ वेळा मारावी लागते. हा हिशेब बरोबर आहे, पण त्याच्या पोटात एक गृहीतक दडले आहे, की प्रत्येक खेप फाशाच्या दानासारखी स्वतंत्र असते. ते मान्य करणे म्हणजे मागच्या दाराने अकस्मातवादच आत घेणे. दोष उष्णतेशी बांधलेला असेल तर थंड इंजिनावरच्या ४४ खेपांनी काहीच सिद्ध होत नाही, आणि घाट चढून आल्यावर लगेच मारलेल्या पाच खेपा पुष्कळ काही सांगून जातात.

राहतो प्रश्न अदृष्टाचा, म्हणजे पूर्वकर्मांच्या न दिसणाऱ्या पाप-पुण्याचा. दसऱ्याला गाडीला हार घालणारा, बॉनेटपुढे लिंबू-मिरची बांधणारा, किल्ली फिरवण्याआधी डॅशबोर्डवरच्या गणपतीला हात जोडणारा माणूस अडाणी आहे असे न्यायशास्त्र म्हणत नाही. उदयनाने कादाचित्कत्वापासून सुरुवात केली ती अदृष्टापर्यंत आणि पुढे ईश्वरापर्यंत पोचण्यासाठीच. पण त्याच परंपरेत ईश्वर, अदृष्ट, काळ, दिशा यांना ‘साधारण कारण’ म्हटले आहे. ती प्रत्येक कार्याच्या मागे असतात. उचललेल्या खेपेच्या मागे आहेत तशीच न उचललेल्या खेपेच्याही. म्हणून दोन खेपांमधला फरक त्यांच्यावरून सांगता येत नाही, त्यासाठी असाधारण कारणच शोधावे लागते. गणपतीला नमस्कार करून मग मीटरची टोके लावणाऱ्या मेकॅनिकच्या वागण्यात या शास्त्राला काही विसंगत दिसणार नाही.

आणि इतके करूनही अनुमान न मानणाऱ्या चार्वाकाची शंका उरतेच. उद्या, परवा, कुठल्या तरी आडगावी हा पुन्हा अडणार नाही कशावरून? उदयनाचे उत्तर असे की शंका चालू शकते, पण शंका घेणाऱ्याच्या स्वतःच्या वागण्याशी तिचा विरोध येईपर्यंतच. धूर हवा म्हणून जो अग्नी पेटवतो त्याला धूर अग्नीपासून होतो की नाही अशी शंका घेता येत नाही. पुढच्या पिढ्यांत श्रीहर्षाने ‘खंडनखंडखाद्य’मध्ये हे उत्तर उलटवण्याचा प्रयत्न केला आणि चौदाव्या शतकात गंगेशाने त्याला पुन्हा उत्तर दिले. तोवर गाडीच्या मालकाने तापलेले इंजिन बंद करून पुन्हा किल्ली फिरवलेली असते; सीटखालचा पाना मात्र त्याने अजून काढलेला नसतो.